पोच

कॅनडा कॉर्नरच्या मागच्या गल्लीतली अभ्यासिका
मी मार्चअखेर बंद केली.
सत्तावीस खुर्च्या सिडकोतल्या क्लासवाल्यानं नेल्या,
पंखे जावयानं उतरवले,
पाण्याचा पिंप खालच्या रसवंतीला दिला.
भिंतीवर उरला तो पांढरा डबा,
दोन शिंगं वर करून
हिरवा डोळा मिचकावत.

एप्रिलच्या पाच तारखेला खात्यातून आठशे पंचवीस गेले.
मेच्या पाचला पुन्हा.

फोन लावला.
मराठीसाठी सात दाबा.
सात दाबलं, हिंदी आलं.
मग बासरी, बराच वेळ बासरी,
मग एक मुलगी. नाव म्हणाली ओजस्विनी.
बंद करण्याचं कारण सांगाल का, मॅडम?
म्हटलं, मुलं येत नाहीत आता.
तिच्या यादीत हे कारण नव्हतं.
वेग कमी, घर बदललं, दुसरी कंपनी, इतर.
"इतर टाकू?"
टाक बाई.
एकवीस वर्षं टायपिंग इन्स्टिट्यूट,
अकरा वर्षं अभ्यासिका,
टाक सगळं इतरमध्ये.

तीन महिने अर्ध्या दरात देते म्हणाली.
नको म्हटलं तर दुप्पट वेग.
रिकाम्या खोलीला
कुठे पोचायचंय एवढ्या घाईनं?
शेवटी अकरा आकडी तक्रार क्रमांक दिला.
मी तो कॅलेंडरच्या मागे लिहिला, आकड्याखाली रेघ मारली.
जूनच्या पाचला आठशे पंचवीस.

शरणपूर रोडच्या शाखेतला पोरगा म्हणाला,
पैसे कापायची परवानगी तुम्हीच दिलीय, काकू,
काढून घ्यायची तर लेखी द्या.
लेखी!
मुलांना दुसरं काय शिकवलं मी?
विषय एका ओळीत. गयावया नको.
दिनांक विसरायचा नाही.
दोन प्रती, आणि एकीवर शिक्का घेतल्याशिवाय
खिडकी सोडायची नाही.
ज्यांनी ऐकलं ते तलाठी झाले.
ज्यांनी नाही ऐकलं,
त्यांच्यातलाही एक झाला.

अर्ज देऊन त्याच रात्री डबा काढायला गेले.
जिन्यात उजेड. आठव्या पायरीवर
हेमराज भोये, सुरगाण्याचा,
गुडघ्यावर वही, भिंतीला टेकवलेला फोन,
फोनमधले सर खडूनं खंड सरकवत होते.
मला पाहून उठला, आधी चपला घातल्या.
"इथपर्यंत येतं, मॅडम. आतल्यापेक्षा बरं येतं."
कधीपासून?
"एप्रिल."

मी तीन महिने कंपनीला शिव्या देत होते
फुकट गेलेल्या पैशांपायी.
हिशेब नीट करणारी बाई मी.
हा आकडा कुठल्या बाजूला मांडू, कळेना.

म्हटलं, उद्या नेते आहे हे.
"हो मॅडम." जराही ओढून धरलं नाही त्यानं.
"मग भूगोलाचे सगळे उतरवून घेऊ का?"
घे.
मी वरच्या पायरीवर बसले.
एकोणचाळीस टक्के. बेचाळीस.
खाली रसवंतीवाला घुंगरं काढून ठेवत होता.
एकसष्टला अडकलं, तेव्हा
मला त्या दुप्पट वेगाची आठवण झाली,
बोलले नाही.
बारा वाजून गेल्यावर डब्याचा डोळा
मीच मिटला.

द्वारकेच्या ऑफिसात डबा घेतला त्यांनी,
वायर मोजली, अॅडाप्टर मोजला.
पोच द्या, म्हटलं.
"सिस्टिमवर येईल, मॅडम."
कागदावर द्या.
"तसा कागद नसतो आमच्याकडे."
माझ्याकडे आहे, म्हटलं, दोन प्रतीत,
आणि पुढे केला.
त्यानं चार खण उघडले. शिक्का सापडला, शाई वाळलेली.
तोंडाची वाफ देऊन उमटवला.
अर्धा गोल आला. खाली सही, तारीख.
चालतंय.

जुलैत पासबुक भरून आणलं.
चष्मा पुसून पाहिलं:
तीन तारखेची नोंद,
तिच्याखाली थेट नऊ.